चिलखत घडवणाऱ्यांचा हक्क, की स्टुडिओची मेहेरबानी?

'द मँडलोरियन' ही मालिका २०१९मध्ये प्रदर्शित झाली. तिच्या पहिल्या पर्वाच्या अखेरच्या टप्प्यात निर्मात्यांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. पांढऱ्या चिलखतांतील सैनिकांची मोठी तुकडी पडद्यावर दाखवायची होती आणि तेवढी चिलखतेच हाताशी नव्हती. ज्या डिस्ने कंपनीने २०१२मध्ये ४०५ कोटी डॉलर मोजून 'स्टार वॉर्स'चे सारे विश्व विकत घेण्याचे ठरवले, तिच्या मालिकेची ही कथा! अखेर '५०१वी लिजन' या हौशी मंडळींच्या संघटनेला निरोप गेला. सभासद घरी बनवलेली आपापली चिलखते घेऊन चित्रीकरणाला आले, आणि कॅमेऱ्याला त्यांत व कंपनीच्या चिलखतांत काही फरक जाणवला नाही.

याच चिलखताच्या शिरस्त्राणावरून लुकासफिल्म कंपनीने इंग्लंडमधील एका कारागिराला २०११पर्यंत थेट सर्वोच्च न्यायालयात खेचले होते. एका नकलेला आमंत्रण आणि दुसरीवर खटला, असा हा व्यवहार आहे. वरवर विसंगत वाटणाऱ्या या वागण्यामागे एक ठरीव हिशेब आहे आणि तो समजून घ्यायचा, तर आधी हे चिलखत बनते कसे ते पाहायला हवे.

१९७७च्या 'स्टार वॉर्स'मधील 'स्टॉर्मट्रूपर' म्हणजे साम्राज्याचे, चेहरा नसलेले पांढरे शिपाई. ती चिलखते १९७६मध्ये इंग्लंडमध्ये घाईघाईने आणि बेताच्या खर्चात तयार झाली. साच्यावर प्लास्टिकचा तापवून मऊ केलेला पत्रा अंथरायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे पत्रा साच्याला चिकटून त्याचा आकार घेतो. व्हॅक्यूम फॉर्मिंगची ही पद्धत साधी, स्वस्त आणि झटपट होती. चिलखते पांढऱ्या एबीएस प्लास्टिकची होती. हाणामारीच्या दृश्यांतील शिरस्त्राणे मात्र मुळात खाकी रंगाच्या दुसऱ्या प्लास्टिकची होती आणि त्यांना वरून पांढरा रंग मारलेला होता. त्या प्लास्टिकवर रंग धड बसत नसे. गालांवरच्या आणि डोक्याच्या मागच्या रेघा हाताने रंगवलेल्या, त्यामुळे एका शिरस्त्राणाची रेघ दुसऱ्याशी जुळत नाही. डावी-उजवी बाजूही सारखी नाही.

पडद्याशी तंतोतंत जुळणारे चिलखत बनवणाऱ्याची खरी परीक्षा इथे लागते. त्याला आदर्श सैनिकाचे सुबक चिलखत बनवायचे नसते. घाईत काम उरकणाऱ्या कामगारांचे हात जिथे चुकले, तिथेच त्याला चुकायचे असते. गुळगुळीत, सममित शिरस्त्राण दिसले की जाणकार नाक मुरडतात. दंडाच्या आणि पोटरीच्या कवचांचे दोन अर्धे भाग एकमेकांना भिडवून त्या सांध्यावर पट्टी चिकटवली जाते. हातावर ती १५ मिलिमीटर रुंद, पायावर समोरून २० मिलिमीटर, असे हिशेब वर्षानुवर्षे छायाचित्रे न्याहाळून ठरले आहेत. मूळ साचे बारीक अंगाच्या माणसाचे. आजच्या भरल्या देहाच्या हौशी माणसाला कुशीत जादा पट्टी जोडून जागा करून घ्यावी लागते. डिंक मुद्दाम सावकाश वाळणारा आणि पुन्हा उखडता येणारा घेतात, कारण पहिल्या जुळणीत चूक ठरलेली. एबीएसला तडा गेला, तर त्याच प्लास्टिकचे उरलेले तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून लुकण बनवायचे, तड्यात भरायचे आणि वाळल्यावर घासायचे. उन्हात ठेवलेले चिलखत पिवळे पडते, हे शहाणपण बहुतेकांना पहिले चिलखत पिवळे पडल्यावरच येते.

गेल्या दशकात या कारागिरीत त्रिमिती छपाईची भर पडली. आता साचा नसला तरी चालतो. संगणकातील आराखडा आणि टेबलावर मावणारे यंत्र पुरते. पण छापलेल्या तुकड्यावर थरांच्या बारीक रेषा उमटतात. गाडीच्या गॅरेजमध्ये पत्र्यावर पुटी भरून तो घासतात, तसे हे तुकडे भरावे, घासावे, प्रायमर मारून पुन्हा घासावे लागतात. सुरुवातीला खरखरीत पॉलिश पेपर, मग पाणी लावून बारीक. त्यानंतर रंग. धातूचे चिलखत दाखवायचे असेल, तर तळाशी चंदेरी, त्यावर आवरणद्रवाचे ठिपके, वरून मूळ रंग. नंतर ठिपके खरवडले की रंग उडून खालचा 'धातू' उघडा पडल्यासारखा दिसतो. महिनोन्महिने चालणाऱ्या या कामातील बहुतेक वेळ घासण्यात जातो. त्याची छायाचित्रे मात्र कोणी काढत नाही.

आता खटल्याकडे वळू. अँड्र्यू एन्सवर्थ हे ट्विकनहॅमचे कारागीर. १९७६मध्ये चित्रपटासाठी पन्नास शिरस्त्राणे त्यांनीच घडवून दिली. राल्फ मॅक्वारी यांच्या चित्रांवरून निक पेंबर्टन या कलावंताने मातीचा नमुना केला आणि एन्सवर्थ यांनी तो प्लास्टिकमध्ये उतरवला. २००४मध्ये त्यांनी जुन्या साच्यांवरून पुन्हा शिरस्त्राणे आणि चिलखते काढून विक्रीला ठेवली. त्यांतील काही माल अमेरिकेत गेला. लुकासफिल्मने कॅलिफोर्नियात दावा केला आणि २००६मध्ये दोन कोटी डॉलरचा एकतर्फी निकाल मिळवला. अमेरिकेतील एकूण विक्री काही हजार डॉलरांची होती, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा अर्थ उमगतो. वसुली नव्हे, दहशत हाच त्याचा हेतू असावा. एन्सवर्थ यांचे अमेरिकेत काहीच नसल्याने तो निकाल इंग्लंडमध्ये लागू झाला नाही आणि लढाई लंडनमध्ये नव्याने सुरू झाली.

ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात एक मेख आहे. एखाद्या वस्तूच्या आराखड्यावर स्वामित्वहक्क असला, तरी त्या आराखड्यावरून प्रत्यक्ष वस्तू बनवणे हा हक्कभंग ठरत नाही. मात्र ती वस्तू स्वतः कलाकृती असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून लुकासफिल्मला शिरस्त्राण हे 'शिल्प' आहे, असे सिद्ध करणे भाग होते. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मान यांनी २००८च्या निकालात विटांच्या ढिगाचे उदाहरण दिले. कलादालनात मांडलेला ढीग शिल्प असू शकतो, पण गवंड्याने दारात टाकलेला तसाच ढीग शिल्प नसतो. फरक वस्तूच्या रूपात नसून ती कशासाठी मांडली यात आहे. शिरस्त्राण चित्रपट बनवण्याचे साधन होते. कलाकृती होती ती चित्रपट, शिरस्त्राण नव्हे. २००९मध्ये अपील न्यायालयाने आणि २७ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी या मुद्द्यावर तोच कौल दिला. ते शिल्प ठरले असते तरीही, औद्योगिक रीतीने विकल्या गेलेल्या कलाकृतींना तेव्हा मिळणारे २५ वर्षांचे संरक्षण संपून गेले होते, असेही न्या. मान यांनी नोंदवले होते. संसदेने ते कलम पुढे रद्द केले आणि २०१६च्या जुलैअखेर ते नाहीसे झाले. पण जी वस्तू मुळात कलाकृतीच नाही, तिला या बदलाचा लाभ होत नाही.

यावरून कारागीर जिंकला, असे म्हणणे घाईचे ठरेल. शिरस्त्राणाची कल्पना मुळात आपली, हा एन्सवर्थ यांचा दावा न्यायालयाने मान्य केला नाही. शिवाय अमेरिकेतील हक्कभंगाबद्दल ब्रिटिश रहिवाशावर ब्रिटिश न्यायालयात दावा चालू शकतो, हा लुकासफिल्मचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कायद्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने निकालाचा टिकाऊ वारसा हाच भाग आहे. वृत्तपत्रांचे मथळे मात्र शिरस्त्राणाने अडवले.

खटला लढवणारी कंपनी ५०१व्या लिजनकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहत आली. ही संघटना १९९७मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिनात स्थापन झाली. आज तिचे दहा हजारांहून अधिक सभासद अनेक देशांत पसरले आहेत. प्रवेशासाठी चिलखत ठरलेल्या मानकांवर उतरावे लागते. प्रत्येक पट्टीचा, प्रत्येक बटणाच्या रंगाचा नियम लिहून ठेवलेला आहे. रुग्णालये, धर्मादाय कार्यक्रम येथे सभासद चिलखत घालून जातात आणि मानधन घेत नाहीत. आयोजकांना देणगी द्यायची असेल, तर ती सेवाभावी संस्थेला. १ जानेवारी २००७ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ परेडमध्ये जॉर्ज लुकास प्रमुख पाहुणे होते. तेव्हा या संघटनेचे सुमारे दोनशे सभासद त्यांच्यासोबत संचलनात चालले. २००५च्या चित्रपटात तर डार्थ व्हेडरच्या तुकडीला ५०१ हाच क्रमांक मिळाला. चाहत्यांनी घेतलेले नाव मूळ कथेत शिरण्याचा हा मान क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो.

कंपनीचा हिशेब इथे उघड होतो. पैसा न घेणारा नक्कलकार हा फुकटचा प्रचारक आणि प्रसंगी फुकटची कुमक. पैसा घेणारा नक्कलकार हा प्रतिस्पर्धी. हा व्यवहार दोन्ही बाजूंना आजवर मानवला हे खरेच. पण तो कायद्याने दिलेला हक्क नाही, मालकाच्या मर्जीने चालत आलेला रिवाज आहे. मर्जी फिरली तर काय होते, हे 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी अनुभवले. 'अॅक्सनार' या हौशी चित्रपटासाठी मोठा निधी गोळा झाल्यावर पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी २०१५मध्ये दावा ठोकला. २०१६मध्ये त्यांनी हौशी चित्रपटांसाठी नियमावली जाहीर केली. त्यात कथेची लांबी १५ मिनिटांवर, दोन भागांत फार तर ३० मिनिटांवर आणली गेली. शिवाय बाजारात मिळणारे गणवेश वा साहित्य वापरायचे, तर ते अधिकृतच हवे, नकली चालणार नाही, अशीही अट घातली. हाताने बनवणाऱ्यांवर ती थेट बंदी नव्हती. पण मान्यतेची कड कोण आखतो, ते स्पष्ट झाले.

अमेरिकेतील पोशाखकारांना हा धोका आधीच दिसला होता. चीअरलीडर मुलींच्या गणवेशावरील नक्षीला स्वामित्वहक्क मिळतो का, हा 'स्टार अॅथलेटिका' खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा इंटरनॅशनल कॉस्च्युमर्स गिल्डसह काही चाहते-संघटनांनी निवेदन देऊन व्यापक संरक्षणाला विरोध केला. गणवेशाची नक्षी आणि अवकाशयात्रीचे चिलखत यांचा संबंध दूरचा वाटेल. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: अंगावर घालायची वस्तू कोठे संपते आणि कला कोठे सुरू होते? २२ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने गणवेश बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पोशाखापासून कल्पनेने वेगळा काढता येणारा कलात्मक भाग संरक्षणास पात्र ठरू शकतो, अशी कसोटी त्यातून आली. अमेरिकेत त्यामुळे पोशाखकाराचे पाऊल ब्रिटनपेक्षा जास्त निसरड्या जमिनीवर आहे. त्रिमिती छपाईचे आराखडे तर एका देशात तयार होऊन दुसऱ्या देशात छापले जातात. कायदा मात्र सीमेवर थांबतो.

या हौशी जगाचा एक अंतर्विरोधही नमूद करायला हवा. स्टुडिओच्या मालकीबद्दल उदार असणारी ही मंडळी आपापसांत मात्र कडक आहेत. कोणाच्या तयार शिरस्त्राणावरून साचा काढून विकणे, हा त्यांच्यात मोठा गुन्हा. त्याला कारागिरीचेही कारण आहे. साच्यावरून साचा काढला की दर पिढीत माप थोडे आक्रसते आणि कडा बोथट होतात, हे कोणताही मूर्तिकार सांगेल. पण ज्याची नक्कल आपण केली, त्याच्या हक्काबद्दल गप्प आणि आपल्या नकलेच्या नकलेबद्दल संतप्त, ही भूमिका न्यायालयात टिकायची नाही.

भारतात हा छंद २०११मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या कॉमिक कॉनमुळे दिसू लागला. मुंबई-पुण्यातही आता अशी संमेलने भरतात. इथली चिलखते बहुधा फोमची, तर काही छापलेली. दुसऱ्यांसाठी पैसे घेऊन पोशाख बनवून देणारेही आहेत, आणि प्रश्न त्यांचा आहे. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १५प्रमाणे, नोंदणीयोग्य पण न नोंदवलेल्या डिझाइनची वस्तू औद्योगिक रीतीने पन्नासपेक्षा अधिक वेळा बनली, की त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. नोंदणी केली, तर संरक्षण फार तर १५ वर्षे. शुद्ध कलाकृती कोणती आणि डिझाइन कोणते, हे ठरवण्याची दुहेरी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी 'क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स' प्रकरणात घालून दिली. तो वाद द्रवरूप वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता, पण चिलखतालाही तीच मोजपट्टी लागेल. चित्रपटावरील हक्क, नाव आणि बोधचिन्ह यांचे प्रश्न अर्थातच वेगळे.

घरात एकच चिलखत बनवणारा अनेकदा समजतो, की पन्नासाचा आकडा आपल्याला लागू नाही, कारण आपण त्याच्या पुष्कळ अलीकडे आहोत. ही समजूत चुकीची आहे. कलमातील पन्नास प्रती मोजायच्या त्या हक्काच्या मालकाने किंवा त्याच्या परवान्याने काढलेल्या. नक्कल करणाऱ्याने किती काढल्या, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.