साठ किलोमीटरचा हिशेब

सकाळी आठच्या सुमारास भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकात नागपूरच्या गाडीची वाट पाहणारी तरुण मंडळी उभी असतात. पाठीला पिशवी, पिशवीत डबा, खिशात महिन्याचा पास. तास-दोन तासांनी नागपूरहून आलेल्या गाड्या त्याच चौकात रिकाम्या होऊ लागतात. त्यांतून शिक्षक, लिपिक, बँकांचे अधिकारी उतरतात आणि आपापल्या कार्यालयाच्या वाटेला लागतात. संध्याकाळी हाच क्रम उलटा होतो. विदर्भात या नित्याच्या येण्याजाण्याला ‘अप-डाऊन’ असे नाव पडले आहे. शब्द आगगाडीच्या वेळापत्रकातला. ज्या शहरातून आगगाडीची मुख्य वाट गेलीच नाही, तेथे तो घरोघरी रूढ व्हावा, ही एक मौजच.

ती वाट भंडाऱ्यावरून गेली नाही, हा या शहराच्या व्यापाराला बसलेला पहिला मोठा धक्का. १८८० च्या सुमारास नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग वरठीवरून पुढे गेला. वरठीच्या स्थानकाला नाव मिळाले ‘भंडारा रोड’, पण गाव राहिले दहा-अकरा किलोमीटर दूर. पितळी भांड्यांसाठी नावाजलेले हे जिल्ह्याचे ठिकाण बाजूला राहिले आणि रुळाच्या बळावर तुमसर व गोंदिया या पेठा वाढल्या. पुढे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आमगाव-देवरीकडून कचेरीच्या कामासाठी येणारा आणि परतताना बाजारातून काहीबाही बांधून नेणारा माणूस यायचा थांबला. इतके होऊनही भंडाऱ्याचा बाजार टिकला, आणि तो टिकण्याचे एक कारण होते अंतर.

व्यापारात अंतरालाही किंमत असते. भंडाऱ्याचा दुकानदार इतवारी-गांधीबागेत जाऊन माल पाहत असे, भाव तोडत असे, गाठोडी बांधून आणत असे. गिऱ्हाइकाच्या वतीने साठ किलोमीटर जाऊन येण्याची जी मजुरी, तिचेच दुसरे नाव नफा. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, चौपदरी झाला आणि सवा तासात नागपूर गाठता येऊ लागले, तेव्हा गिऱ्हाईक स्वतःच जाऊन येऊ लागले. मजुरी द्यायची कोणाला आणि कशासाठी? १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळाली. स्त्रियांच्या हातात स्वतंत्र प्रवास आला, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र बाजाराच्या गणितात ती दोन्ही बाजूंनी शिरली. मोहाडी, लाखनी, पवनीच्या खेड्यांतून स्त्रिया निम्म्या तिकिटात भंडाऱ्याला येऊ लागल्या, आणि भंडाऱ्याच्या स्त्रिया निम्म्या तिकिटात सीताबर्डीला जाऊ लागल्या.

कापडाच्या दुकानात हा बदल सर्वांत आधी कळतो. लग्नाचा बस्ता हा वर्षाच्या कमाईचा कणा. एकेकाळी दोन्ही घरची माणसे गादीवर मांडी घालून बसत, चहा होई, शालू उलगडले जात, थोरल्या जावेचे मन राखले जाई आणि संध्याकाळी बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये गाठोडे चढे. आता बस्ता नागपुरात होतो आणि भंडाऱ्यात उरतो तो आहेर: मानाच्या साड्या, शेले, टोप्या, दुपट्टे, जे डझनाने घ्यावे आणि विसरून जावे, असे. बस्त्यात नफा असतो, आहेरात नुसती धावपळ. गल्ल्यावर बसलेला वडीलधारा माणूस ‘आजकालच्या लोकांना मोठ्या दुकानाचाच सोस’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरच्या लग्नाचा बस्ता कोठून आला होता, हा प्रश्न सभ्य माणसाने विचारू नये.

आणि तरीही गाव वाढते आहे, हे कोडे बाहेरच्या माणसाला उलगडत नाही. नगरपालिकेच्या हद्दीत २००१ च्या जनगणनेत सुमारे ८५ हजार माणसे होती, २०११ मध्ये ९२ हजारांच्या जवळपास. आकड्यात ही वाढ संथ दिसते, कारण खरी वाढ हद्दीबाहेर झाली. गणेशपूर, खोकरला, भोजापूर, बेला या लगतच्या गावांत जेथे धानाच्या बांध्या होत्या, तेथे ले-आऊट पडले. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किंवा वरठीच्या पोलाद कारखान्यात आयुष्य काढलेला कामगार तेथे घर बांधतो. मुलांच्या शाळेसाठी खेड्यातला शेतकरी तेथे प्लॉट घेतो. निवृत्त गुरुजी भविष्य निर्वाह निधीतून वरचा मजला चढवतात. नागपुरात घर परवडत नाही आणि आई-वडील येथे आहेत, म्हणून रोज जाऊन-येऊन करणारे जोडपेही तेथेच राहते. घरे वाढली म्हणजे गिऱ्हाईक वाढले, असे जुने सूत्र होते. नव्या वस्तीत सिमेंट, रंग, टाइल्स आणि किराणा खपतो, त्यामुळे त्या दुकानांना बरकत आहे. जे घर बांधताना लागते, ते येथून. जे घर सजवताना लागते, ते नागपुरातून.

उलट दिशेने येणाऱ्या नोकरदारांची गोष्ट याहून बोचरी. शासकीय कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, असा नियम आहे आणि त्या नियमाच्या पळवाटाही सर्वांना ठाऊक आहेत. पगार भंडाऱ्यात होतो, खर्च नागपुरात. दुपारी चहा-समोसा आणि परतताना पावशेर मिरची, एवढीच त्यांची या बाजाराशी ओळख. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण मुलांची शाळा, वृद्धांचा दवाखाना आणि नवरा-बायकोच्या दोन नोकऱ्या यांचा मेळ घालताना आपल्या समाजातील किती कुटुंबांनी वेगळा निर्णय घेतला, हेही पाहावे.

जवळीक रस्त्यावरूनच येते असे नाही. नागपूरचे सांडपाणी पोटात घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते, आणि गोसीखुर्दच्या धरणामुळे तेथे पाणी वाहते कमी, साचते जास्त. वैनगंगेच्या पाण्याचा रंग आणि वास बदलल्याची भंडारेकरांची तक्रार जुनी आहे. त्याच आंभोऱ्याला नदीवर तारांनी तोललेला देखणा पूल उभा राहिला असून सुटीच्या दिवशी तो पाहायला दोन्ही जिल्ह्यांतून गर्दी लोटते. पुलावरून पाणी फार सुंदर दिसते.

मग या बाजारात काय उरते? कर्ज काढून काचेचे शोरूम उभारावे, हा उपाय अनेकांना सुचतो. काचेच्या शर्यतीत नागपूर पुढेच राहणार. जे उरते, ते त्या वहीत आहे जिला नवी पिढी किंचित लाजते. हा धानाचा जिल्हा. दिवाळीनंतर धान निघते, आधारभूत केंद्रावर मोजले जाते आणि चुकाऱ्यांची वाट पाहणे सुरू होते. चुकारे लांबले, की खेड्यातल्या घरात लग्न असो वा आजारपण, पैसा नसतो. शोरूममध्ये कार्ड चालते, हप्ते बांधून मिळतात. परंतु ‘चुकारे आले की देतो’ हे वाक्य तेथे चालत नाही. ते वाक्य ऐकून मान हलवणारा माणूस भंडारा, तुमसर, साकोलीच्या पेठांत आहे, कारण बोलणाऱ्याच्या बापाचे खातेही त्याच्या बापाच्या वहीत होते. त्यात बुडीतही आहे आणि व्याजाच्या आकारणीत अन्यायही घडत आला आहे. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण शहर जे विकू शकत नाही असे या पेठेत काही असेल, तर ती ओळख आहे. शिवाय जे घाईचे आहे, जे दुरुस्त करून हवे आहे, जे परत करायला यावे लागेल, त्यासाठी साठ किलोमीटर अजूनही लांबच आहेत.

हिशेबात निष्णात असलेल्या या घरांत एक रक्कम मात्र कोणी मांडत नाही. नागपूरला नोकरीला जाणाऱ्या मुलाचे घरापासून कार्यालयापर्यंत आणि परत, असे तीन तास रोज जातात. महिन्याचे पंचवीस दिवस, वर्षाचे अकरा महिने: सव्वाआठशे तास. अहोरात्र मोजली तर चौतीस. हमाली, अडत, वाहतूक, पैशा-पैशाचे व्याज लिहिणाऱ्या वहीत या चौतीस दिवसांना रकाना नाही. हिवाळ्यात तर प्रश्न ताटाचाच येतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, कार्यालय सहाला सुटते. ज्याचा चौविहार आहे, त्याला पाच वाजता टेबलावरच दुसरा डबा उघडावा लागतो. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा मौद्याच्या आसपास धावत्या बसमध्ये मांडीवर डबा ठेवून जेवण उरकते. भंडारा नागपूरच्या पूर्वेला, म्हणून सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना सूर्य पाठीमागेच राहतो. डोळ्यांवर ऊन येत नाही, एवढे सुख. मात्र तो मावळला की नाही, हे मागे वळून पाहावे लागते.

म्हणून ‘नागपुरात एक फ्लॅट घेऊन टाकू’ हा विषय निघतो. बोलले जाते नोकरीचे. मनात असते लग्न. मुलीकडचे परिचयपत्रात आधी गावाचे नाव पाहतात आणि ‘भंडारा’ वाचले, की ‘नागपुरात काही आहे का?’ असे हळूच विचारतात. ज्यांच्या स्वतःच्या मुली लहान गावात वाढल्या, तेही हेच विचारतात. मुलीचा विचार त्यांना चुकीचा वाटत नाही आणि तो पूर्णपणे चुकीचा नाहीच. दुकानाच्या मागच्या घरात दिवसभर सासू-सासरे, गिऱ्हाईक आणि पाहुणे यांच्यामध्ये वावरण्यापेक्षा दोन खोल्यांचे स्वतःचे घर तिला प्रिय वाटले, तर त्यात नवल काय? फ्लॅट होतो. मग दोन चुली, दोन वीजबिले, दोन ठिकाणी दूध. शनिवारी मुलगा-सून येतात, रविवारी जातात.

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत नावाचे एक व्रत आहे. या दिशेला इतक्या अंतरापलीकडे जाणार नाही, अशी मर्यादा त्यात स्वतः घालून घ्यायची असते. व्यापार करणाऱ्या समाजाने अंतरालाच मर्यादा घालावी, हे आजच्या तरुणाला चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांनी हे व्रत सांगितले, त्यांना रस्ता आणि लोभ यांचे नाते ठाऊक होते. मर्यादा किती, हे ज्याने त्याने ठरवायचे. ठरवायचे मात्र घर सोडण्यापूर्वी. आज फ्लॅटचा हप्ता आधी ठरतो आणि कुटुंबाने कोठे राहायचे, हे नंतर.

या रस्त्याची खरी लांबी मात्र विहारातील साधु-साध्वींनाच कळते. सवा तासाचे हे अंतर पायी चालणाऱ्यास तीन-चार मुक्कामांचे असते. महामार्गाच्या कडेने, भरधाव ट्रकच्या वाऱ्यात, सकाळच्या उजेडात ते चालतात, आणि प्रत्येक मुक्कामी एक तरी घर असावे लागते. वाटेवरच्या लहान गावांतील घरे एकेक करून शहराकडे सरकतात, तेव्हा दुकानाला लागलेले कुलूप गावाला दिसते. विहाराच्या वाटेवरचे एक घर कमी झाले, हे उशिरा लक्षात येते. विहार येत असल्याचा निरोप मग नागपूरच्या फ्लॅटमध्ये जातो आणि वृद्ध गृहस्थ गावचे कुलूप काढायला निघतात. अडचण अशी, की साधूंसाठी म्हणून मुद्दाम केलेला आहार त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी शिजलेल्यातलाच थोडा घ्यायचा असतो, म्हणजे घरात रोज चूल पेटणारी हवी. तेव्हा वृद्ध गृहस्थ एकटे जात नाहीत. पत्नीला बरोबर घेतात, आणि दोघे आठ दिवस आधीच जाऊन तेथे राहू लागतात.