श्रमिकांचे दुखणे आणि गोळीची गुलामी

व्यसनाधीनतेचा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर दारूचा गुत्ता येतो, गांजाची चिलीम येते, किंवा १९८०च्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुणांना ग्रासणाऱ्या गर्दची आठवण होते. औषधाच्या दुकानात उघडपणे विकली जाणारी वेदनाशामक गोळी या मालिकेत आपण बसवीत नाही. ती डॉक्टरने लिहून दिलेली असते, तिच्या वेष्टनावर कंपनीचे नाव आणि किंमत छापलेली असते, आणि ती घेणारा कोणी गुंड वा छंदीफंदी नसून कंबर धरलेला हमाल किंवा शस्त्रक्रिया झालेली गृहिणी असते. त्यामुळे हे व्यसन घरात शिरते तेव्हा घरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही; खुद्द घेणाऱ्यालाही तो फार उशिरा लागतो.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे सव्वादोन कोटी भारतीय अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करतात. यांत कच्ची अफू घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ०.५२, हेरॉईन घेणाऱ्यांचे १.१४, आणि औषधी गोळ्या, सायरप व इंजेक्शने घेणाऱ्यांचे ०.९६ आहे. म्हणजे दुकानातील औषध आता कच्च्या अफूच्या पुढे गेले असून हेरॉईनच्या जवळ येऊन पोहोचले आहे. ज्यांना उपचारांची गरज आहे अशांची संख्या सुमारे ७७ लाख असून त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रत्येक वेदनाशामक औषध व्यसन लावीत नाही. पॅरासिटामॉल वा डायक्लोफिनॅक यांचा अतिरेक यकृत किंवा मूत्रपिंड बिघडवील, पण त्यांची तलफ लागत नाही. मॉर्फीन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसीन ही औषधे अफूच्या कुळातील किंवा तिच्याप्रमाणे मेंदूवर काम करणारी आहेत. ती वेदना शमवितात आणि त्याचबरोबर एक कृत्रिम स्वास्थ्य देतात. मेंदू या बाहेरून येणाऱ्या रसायनाला सरावतो. मग एका गोळीचे काम करायला दोन, पुढे चार लागतात. गोळी थांबली की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब आणि झोपेचा नाश सुरू होतो. आरंभी दुखणे थांबावे म्हणून घेतलेली गोळी आता गोळी थांबल्याचे दुखणे टाळण्यासाठी घ्यावी लागते. हा शरीरशास्त्राचा नियम आहे. त्यात मनाचा दुबळेपणा शोधणे हे अज्ञान होय.

हा नियम सर्वांना सारखाच लागू असला तरी परिस्थिती सर्वांची सारखी नसते. कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारा हमाल, हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामगार, रात्रंदिवस गाडी हाकणारा ट्रकचालक यांच्या पाठीला जे हवे असते ते विश्रांती, योग्य व्यायामोपचार आणि कामाचा आटोक्यातील बोजा. परंतु ज्याचा खाडा झाला की त्या दिवसाची चूल अडते, त्याला डॉक्टरने पंधरा दिवस आराम लिहून देणे ही थट्टाच ठरते. अशा वेळी गोळी हीच त्याची रजा असते. दुखऱ्या शरीराला कामावर उभे ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणून ती वापरली जाते आणि या स्वस्ताईचा लाभ अखेर मालकाच्या खात्यावर जमा होतो. या प्रश्नाला नीतिपाठापेक्षा श्रमाच्या अटींचा संदर्भ अधिक आहे, तो यामुळे.

नफ्याचा संदर्भही तितकाच उघड आहे. अमेरिकेत १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात अफूवर्गीय औषधे दिलेल्या रुग्णांना क्वचितच व्यसन लागते, असे त्यात म्हटले होते. पुढे या पत्राचा आधार घेत ही औषधे दीर्घकालीन दुखण्यांवरही निर्धोक असल्याचा डांगोरा पिटण्यात आला. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकाँटिन बाजारात आणले. २००७ साली आणि पुन्हा २०२० साली तिला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. तोवर लाखो संसार उद्ध्वस्त झाले होते. हे दूरदेशीचे पाप म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. पालघरमध्ये कारखाना असलेली एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवीत असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघडकीस आणले. घाना, नायजेरिया येथील गरीब तरुण त्या गोळ्यांच्या आहारी गेले होते. त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनावर व निर्यातीवर बंदी घातली. बातमी आल्यावर जागे होणारे शासन बातमी येण्यापूर्वी काय करीत होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शासनाचे धोरण पाहू गेल्यास त्यात बंदीच्या पुढे फारसे काही आढळत नाही. अंमली पदार्थविरोधी कायदा १९८५ साली झाला. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनवर २०१३ साली बंदी आली. तेव्हा त्याच्या गोळ्यांची जागा ट्रामाडॉलने घेतली. २०१४ साली ‘एच-१’ ही अनुसूची लागू झाली आणि ट्रामाडॉल, कोडीन, पेंटाझोसीन आदी औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपणे दुकानदारांवर बंधनकारक झाले. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल १९८५च्या कायद्याखाली आले. यांतील एकेक पाऊल समर्थनीय आहे. परंतु पुरवठा तोडताना ज्याच्या शरीराला सवय जडली आहे त्याच्यासाठी उपचारांचे दार उघडले नाही, तर तो बंद झालेल्या गोळीकडून दुसऱ्या गोळीकडे आणि तिच्याकडून अधिक घातक पदार्थाकडे जातो.

बंदीची दुसरी बाजू तर अधिक क्लेशदायक आहे, आणि विदर्भाइतकी ती क्वचितच कोठे जाणवत असेल. आपल्या दलित व आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. या भागातील त्याची नोंद १९५८ इतकी जुनी आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात आणि हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा उठतात. अशा वेळी साध्या गोळीने भागत नाही. अफूवर्गीय औषधाचीच गरज पडते. कळा येणे-जाणे वरून दिसत नसल्याने औषध मागणाऱ्या या रुग्णाकडे ‘सवयीचा’ म्हणून संशयाने पाहिले जाते. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाचीही हीच दैना. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकविणाऱ्या या देशात १९८५च्या कायद्यानंतर वैद्यकीय मॉर्फीनचा वापर झपाट्याने घटला. परवान्यांचे जंजाळ कमी करणारी दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले. ज्याला औषध हवे त्याला ते मिळत नाही आणि ज्याला ते घातक त्याला ते सहज मिळते, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून ‘सर्व गोळ्या बंद करा’ ही घोषणा आपल्या कार्यकर्त्यांनी कदापि देऊ नये.

मग मुक्तीची वाट कोणती? पहिली पायरी शरीर सावरण्याची. शेवटच्या मात्रेनंतर साधारणतः ८ ते २४ तासांत त्रास सुरू होतो आणि आठ-दहा दिवसांत ओसरतो. हा काळ डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढावा. ट्रामाडॉल मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांना झटके येण्याचाही धोका असतो. घरात कोंडून ‘एकदाचे सोडवू’ हा मार्ग अघोरी आहे. मात्र अंगातून औषध गेले म्हणजे व्यसन गेले असे नव्हे. खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध जिभेखाली ठेवून महिनोन् महिने दिल्याने तलफ आवरते व माणूस कामाधंद्याला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने ते २००५ सालीच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहे. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा त्यावरील आक्षेप, मधुमेह्याला इन्सुलिनचे व्यसन लागले असे म्हणण्याइतकाच फोल आहे. याच्या जोडीला समुपदेशन हवे, कुटुंबाचा सहभाग हवा आणि मूळ दुखण्याचा इलाजही हवा. पाठ दुखतच राहिली तर गोळी परत येणारच.

ती परत आली तरी त्यास पराभव मानू नये. दीर्घ आजारात पुनःपतन होतच असते. परंतु काही आठवडे औषध सुटलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. जुन्याच मात्रेने श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. घरच्यांना हे ठाऊक असणे म्हणजे एक जीव वाचविणे आहे.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी माणसाला मारहाण न करता, अपमान न करता बरे करता येते आणि बरा झालेला माणूसच दुसऱ्याचा उत्तम सोबती होतो, हे तेथे सिद्ध झाले. याउलट, उपचाराच्या नावाखाली साखळदंड व मारझोड चालविणारी केंद्रे आजही ठिकठिकाणी उघडकीस येतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडास स्पष्ट मनाई केली आहे आणि व्यसनजन्य विकारांना मानसिक आजारांत समाविष्ट केले आहे. कायदा आहे, अंमलबजावणी मात्र आपण मागितल्याखेरीज होणार नाही.

नागपुरात मेडिकल व मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत, १८६४ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे, आणि मिहानमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. या प्रत्येक ठिकाणी व्यसनोपचाराचा नियमित बाह्यरुग्ण विभाग आणि ब्युप्रेनॉर्फिनचा मोफत, अखंड पुरवठा असावा. सिकलसेल व कर्करोगाच्या रुग्णांना वेदनामुक्तीचे औषध संशयाविना मिळावे. कंत्राटी कामगारास दुखापतीच्या काळात पगारी विश्रांती मिळावी. औषध प्रशासनाने ‘एच-१’च्या नोंदवह्या खरोखर तपासाव्यात. या मागण्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येणार नाहीत.

कार्यकर्त्यांना मात्र मागण्यांपाशी थांबता येणार नाही. वस्तीत असा कोणी आढळल्यास त्याला पोलिसांकडे न नेता दवाखान्यात न्यावे. १९८५च्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपी असलेला व्यसनाधीन मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते; मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. ही तरतूद भीतीने दडून बसलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहिला जावा. २०१९च्या त्याच अहवालानुसार अवैध अंमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात. उरलेले एकोणीस आपल्याच वस्त्यांत, आपल्याच संघटनांत आहेत. त्यांच्या दारापर्यंत जाण्याचे काम याच आठवड्यात सुरू व्हावे.