आकड्यांची नोकरी आणि तिची न दिसणारी किंमत

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालक आम्हां शिक्षकांकडे सल्ल्यासाठी येतात. पूर्वी त्यांच्या प्रश्नांत डी.एड., आयटीआय, पोलीस भरती, बँकेची परीक्षा हे शब्द असत. गेल्या काही वर्षांत त्यांत डेटा सायन्स या शब्दाची भर पडली आहे. ज्यांच्या घरात पहिली पदवी अजून यायची आहे, असे आईबापही हा शब्द बिनचूक उच्चारतात. ही जागरूकता आनंदाची आहे. परंतु या व्यवसायाची जी बाजू जाहिरातीत छापली जात नाही, ती कोणीतरी सांगितली पाहिजे. त्यासाठी शाळेच्या स्मरणिकेइतकी योग्य जागा आम्हाला दुसरी दिसत नाही, कारण येथे विद्यार्थी, पालक आणि नोकरीत स्थिरावलेले माजी विद्यार्थी असे तिघेही वाचक आहेत.

या व्यवसायाचा गाजावाजा केव्हा वाढला, हे बऱ्याच अंशी सांगता येते. ऑक्टोबर 2012 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात थॉमस डेव्हनपोर्ट आणि डी. जे. पाटील यांनी डेटा सायंटिस्टची नोकरी ही 21व्या शतकातील सर्वांत आकर्षक नोकरी ठरवली. पुढे 2015 मध्ये हेच पाटील अमेरिकी सरकारचे पहिले मुख्य डेटा सायंटिस्ट झाले. तेथून पगाराच्या कथा पसरल्या आणि कथांच्या मागोमाग भरमसाट शुल्काचे क्लासही आले. मुळात हे काम नोंदींच्या मोठ्या साठ्यातून नियम शोधण्याचे आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधण्याचे आहे. कोण कर्ज फेडील, कोणता माल कोठे खपेल, कोणत्या रुग्णाला धोका अधिक, असे ते अंदाज असतात.

पहिली न सांगितलेली गोष्ट अशी की या नोकरीचा मोठा वेळ नोंदी निस्तरण्यातच जातो. शिक्षकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एकाच विद्यार्थ्याचे नाव आधार कार्डावर एक, जनरल रजिस्टरात दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे, हा आपला नित्याचा अनुभव आहे. तोच गोंधळ लाखो नोंदींच्या प्रमाणात डोळ्यांपुढे आणावा. तारखा उलटसुलट, रकाने रिकामे, लग्नानंतर आडनाव बदललेली एकच स्त्री दोन ठिकाणी मोजलेली. ज्याने गणिताच्या ओढीने हा मार्ग धरला, त्याचे कित्येक दिवस या साफसफाईत सरतात आणि वरिष्ठांच्या लेखी ते काम झालेलेच नसते.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. अनेकदा उत्तर आधीच ठरलेले असते आणि त्याला शोभेल असा आकडा तेवढा हवा असतो. आकडा अनुकूल आला तर श्रेय निर्णय घेणाऱ्याचे. प्रतिकूल आला तर पुन्हा तपासून आणण्याची सूचना. त्यातच साधने दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून रविवार नवे शिकण्यात जातो. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलामुलींना आणखी एक ओझे वाहावे लागते. आपले बरोबर असलेले गणित त्यांना भरल्या बैठकीत अस्खलित इंग्रजीत पटवून द्यावे लागते. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात पगाराहून ही दमछाकच अधिक येते.

नोकरीची शाश्वतीही समजली जाते तेवढी नाही. अमेरिकेतील झिलो ही कंपनी घरांच्या किमतींचे अंदाज संगणकीय प्रारूपाने बांधून स्वतःच घरे विकत घेऊ लागली होती. अंदाज फसले. नोव्हेंबर 2021 मध्ये तिने तो व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचारी कमी करण्याचे ठरवले. अंदाजावर किती पैसा लावायचा हे ठरवणारे थोडे होते; नोकरी गमावणारे मात्र अनेक होते.

या सर्वांहून जड अशी किंमत पगाराच्या चिठ्ठीवर कधीच दिसत नाही. आपल्या गणिताने ज्यांचे बरेवाईट होते, ती माणसे आपल्याला कधी भेटत नाहीत. नेदरलँड्समधील प्रकरण या दृष्टीने प्रत्येक पालकाला ठाऊक असावे. तेथे नोकरदार आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी साहाय्य मिळते. कर विभागाने आलेल्या अर्जांना संगणकाकडून धोक्याचे गुण देण्याची पद्धत सुरू केली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, ही बाबही त्या गुणांत धरली जात होती. त्यात कठोर कायद्याची आणि संशयी कारभाराची भर पडली. हजारो निरपराध कुटुंबांवर लबाडीचा ठपका बसला. कित्येकांकडून हजारो युरो परत मागण्यात आले. संसार कर्जात बुडाले. या कुटुंबांतील हजाराहून अधिक मुले आईबापांपासून दूर ठेवली गेली. अखेर जानेवारी 2021 मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ते गुण ज्यांनी रचले, त्यांच्यासमोर एकही माता अर्ज घेऊन उभी राहिली नव्हती. त्यांच्यासमोर होते ते केवळ रकाने.

यंत्राला पूर्वग्रह नसतो, असे म्हणण्याची रीत आहे. वास्तविक यंत्र जुन्या नोंदींवर शिकते आणि जुन्या नोंदींत जुना समाज असतो. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज पारखण्यासाठी असे एक साधन तयार करून पाहिले. मागील 10 वर्षांचे अर्ज त्याला शिकवण्यात आले, आणि त्यांत पुरुषांचा भरणा होता. परिणामी स्त्रियांशी संबंधित उल्लेख असलेल्या अर्जांना ते साधन खालचा क्रम देऊ लागले. कंपनीने तो प्रयत्न सोडून दिला आणि 2018 मध्ये ही हकीकत वृत्तसंस्थेने उघड केली. ज्यांच्या कित्येक पिढ्या नोंदवह्यांच्या चुकीच्या रकान्यात राहिल्या, त्या समाजाला यात नवे काहीच वाटू नये.

मोजण्यापूर्वी मोजमापालाच प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे आहे. 1918 मध्ये बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेती तोट्यात जाते कारण तुकडे लहान आहेत, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. केवळ क्षेत्रफळावरून जमीन लहान की मोठी हे ठरत नाही, तिच्याबरोबर भांडवल, अवजारे, बैल आणि श्रम किती आहेत हे पाहावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले. आकडे तेच होते. प्रश्न बदलल्यामुळे निष्कर्ष बदलला. इतिहासाचा विद्यार्थीही कागद हाती आला की प्रथम हेच विचारतो : हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि यात कोणाची नोंद राहून गेली? डेटा सायंटिस्टला या प्रश्नांची गरज इतिहासकाराहून कमी नाही.

परंतु प्रश्न विचारणे आणि वेळप्रसंगी 'हे मी करणार नाही' असे म्हणणे प्रत्येकाला सारखेच परवडत नाही. ज्याच्या वडिलांचे स्वतःचे घर आणि निवृत्तिवेतन आहे, तो राजीनामा देऊन सहा महिने थांबू शकतो. आपला विद्यार्थी घरातला पहिला कमावता असतो. त्याच्या पगारावर धाकट्याचे शिक्षण, बहिणीचे लग्न, गावचे अर्धवट बांधकाम आणि शिवाय शैक्षणिक कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. त्यामुळे चुकीच्या आकड्यावर सही करण्याचा आग्रह झाला की सर्वांत अधिक कोंडी त्याचीच होते. या व्यवसायाचे तोटे सगळ्यांना सारखेच लागू आहेत; ते सोसण्याचे बळ मात्र सारखे वाटलेले नाही. आमच्या मते या विषयातील खरी मेख येथे आहे.

यावरून आपल्या मुलांनी या क्षेत्रात जाऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांनी अवश्य जावे. जेथे माणसांचे गुण ठरतात, तेथे आपली माणसे नसणे हाच सर्वांत मोठा धोका आहे. मात्र तयारीने जावे. जाहिरात पाहून लाखोंचे कर्ज काढून क्लास लावू नये. संख्याशास्त्र आणि गणित यांची पक्की पदवी हा टिकाऊ पाया आहे. 1931 मध्ये स्थापन झालेली भारतीय सांख्यिकी संस्था हे त्यासाठीचे नामवंत ठिकाण आहे. मद्रास आयआयटीचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम 2020 मध्ये जाहीर झाला असून त्यात शुल्कसवलतीची सोय आहे. 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरील पाठ विनामूल्य ऐकता येतात.

नोकरी लागलेल्यांना आमचे सांगणे वेगळे आहे. पहिल्याच वर्षी मोठ्या हप्त्यांत अडकू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवी गाडी थांबू शकते. नकार देण्याचे बळ जितके मनात असते, तितकेच ते बँकेच्या पासबुकातही असते. पालकांनीही मुलाच्या पगाराचा आकडा नातेवाइकांना सांगण्याआधी त्याची झोप कशी आहे, हे एकदा विचारावे.

या क्षेत्रात असलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून शाळेची एक अपेक्षा आहे. वर्षातून एक रविवार काढून नववी-दहावीच्या वर्गात या. पगार सांगू नका असे आम्ही म्हणत नाही. तो जरूर सांगा. त्याचबरोबर कोणता आकडा देताना हात थबकला आणि तेव्हा तुम्ही काय केले, हेही सांगा. आणि तुमच्यातील कोणी अशाच एखाद्या प्रसंगी नोकरी सोडली, तर दुसरी मिळेपर्यंत त्याच्या घरची चूल विझू नये, एवढी व्यवस्था माजी विद्यार्थ्यांनी आपसांत उभी करावी. वसतिगृहात एका ताटातले वाटून खाल्लेल्यांना हे अवघड जाऊ नये.