कॉम्प्रेसर गेला म्हणता? आधी गेज लावून दाखवा!

मित्रांनो, मागच्या मे महिन्यात वडिलांना तपासणीसाठी बीडहून संभाजीनगरला न्यायचं होतं. आदल्या दिवशी गाडीचा एसी बंद. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "साहेब, कॉम्प्रेसर गेला." खर्च पाच आकडी. ना गेज लावला, ना वायर तपासली.

दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीने आधी गेज लावला. गॅस बरोबर, कॉम्प्रेसर ठणठणीत. गेला होता तो प्रेशर स्विच. अंगठ्याएवढा पार्ट! अर्ध्या तासात बदलला, एसी सुरू.

हा स्विच म्हणजे एसीचा राखणदार. गॅस गळून प्रेशर फार कमी झालं, किंवा कंडेन्सरचा पंखा बंद पडून फार वाढलं, की तो कॉम्प्रेसर थांबवतो. बऱ्याच गाड्यांत स्विचखाली व्हॉल्व्ह असतो, गॅस न सोडता तो बदलता येतो. जिथं व्हॉल्व्ह नाही तिथं आधी मशीनने गॅस काढून घ्यावा लागतो. आता सांगा, हे तपासायला किती वेळ लागतो?

दुसरा प्रकार तर याहून वाईट. स्विचच्या दोन वायरी जोडायच्या आणि म्हणायचं, "डायरेक्ट केलं साहेब, आता टेन्शन नाही." अहो, कॉम्प्रेसरचं ऑइल गॅससोबतच फिरतं. गॅस गळालेला असताना डायरेक्ट चालवला तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होणार. म्हणजे आज स्विचचे पैसे वाचले, उद्या खरंच कॉम्प्रेसर गेला. राखणदाराचे हात बांधून घर सांभाळता येतं का?

सगळेच मिस्त्री असे नाहीत. माझी गाडी वाचवली तीही मिस्त्रीनेच. आणि चूक आपलीही आहे. "कसंबी कर, पण आजच थंड कर" असं आपणच म्हणतो. बिल मागायला लाजतो.

लाजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूचं किंवा सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही. हेल्पलाइन १९१५. पण हातात पक्कं बिल नसेल तर भांडणार कशावर?

एसी म्हणजे श्रीमंताचे चोचले, असं म्हणणाऱ्यांनी दुपारी सोलापूर-धुळे हायवेवर गाडी चालवून बघावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. म्हणजे उद्या हाच "कॉम्प्रेसर गेला"चा निकाल ट्रक ड्रायव्हरच्या कानावर पडणार. आयटीआयने गावोगावच्या मिस्त्रींसाठी गाडीच्या एसीचे छोटे वर्ग घ्यावेत, ही माझी जाहीर मागणी.

तोवर आपण तीन गोष्टी मागायच्या. कामाआधी गेजचं रीडिंग. कामानंतर जुना पार्ट हातात. आणि पक्कं बिल.

जो मिस्त्री हे हसत देईल, त्याचं गॅरेज कधी सोडू नका. पटलं तर शेअर करा, आणि तुमचा अनुभव खाली लिहा.