घरांमधली हातभर जागा

जपानच्या दिवाणी कायद्याचे २३४ वे कलम सांगते, की घर बांधताना शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान ५० सेंटिमीटर जागा सोडावी. म्हणजे जेमतेम हातभर. दोन्ही बाजूंची धरली, तरी तोक्योत दोन घरांमध्ये उरते एक बोळकांडी. तिथे एसीचे डबे, पाइप आणि मांजरे. जागा दोघांची, वापर कुणाचाच नाही. गेल्या वीसेक वर्षांत जपानी वास्तुकारांनी घराच्या आत-बाहेरचा जो खेळ मांडला आहे, त्याचे मर्म या वाया जाणाऱ्या हातभर जागेत आहे, असे आम्हाला वाटते.

र्यूए निशिझावा यांनी २००५ साली तोक्योच्या ओता भागात मोरियामा हाऊस बांधले. एका घराचे त्यांनी दहा सुटे पांढरे ठोकळे केले. कुठला एकमजली, कुठला तीन मजली. एकात तर नुसती न्हाणी. भिंती पोलादी आणि अगदी पातळ. मालक काही ठोकळ्यांत राहतो, बाकीच्यांत भाडेकरू. कर्ज फिटत जाईल तसे भाड्याचे ठोकळेही त्याला स्वतःकडे घेता यावेत, ही सोय मुळातच होती. ठोकळ्यांमधून झाडे आणि पायवाटा. गल्लीच्या बाजूला कुंपण नाही. इतरांनी कडेला टाकून दिलेली फट इथे घराच्या पोटात आली आणि तिचे अंगण झाले.

जुन्या एदोतली, म्हणजे पूर्वीच्या तोक्योतली, गल्ली परत आली, असे म्हणण्याचा मोह यावर होतो. तो आवरावा. एदोच्या नागायात एका छपराखाली ओळीने खोल्या असत, बऱ्याच पावणेतीन मीटर रुंद आणि साडेतीन-पावणेचार मीटर खोल. विहीर, संडास, कचऱ्याची जागा, सगळे बोळात आणि सामाईक. विहिरीवरच्या गप्पांसाठी ‘इदोबाता काइगी’, म्हणजे विहिरीकाठची परिषद, हा शब्द जपानीत अजून वापरात आहे. पण बोळाच्या तोंडाशी फाटक असे, ते रात्री बंद होई, आणि जागेचा कारभारी भाडेकरूंवर नजर ठेवून असे. (संडासातल्या सोनखताचे पैसेही त्याच्याच खिशात जात.) पुढे १९४० मध्ये सरकारने दहाएक घरांचे ‘तोनारीगुमी’ गट सगळीकडे बांधले. त्यांच्यामार्फत रेशन वाटले जाई, हवाई हल्ल्यांच्या आगी विझवल्या जात, आणि शेजाऱ्यावर पाळतही राही.

१९५५ साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाने काँक्रीटच्या वसाहती उभारल्या. आतून कुलूप लागणाऱ्या त्यांच्या लोखंडी दाराचे लोकांना अप्रूप वाटले, ते उगीच नव्हे. तादाओ आंदो यांचे १९७६ चे ओसाकातले सुमियोशीचे घर हे त्या दाराचे टोक. रस्त्याकडे एकही खिडकी नाही. मात्र सव्वातीन मीटर रुंदीच्या त्या घराचा मधला तिसरा हिस्सा उघडा. पावसात संडासला जायचे तर छत्री घ्यावी लागते. आकाश ठेवले, शेजार गाळला.

शेजार परत आणण्याचा सर्वांत धीट प्रयत्न रिकेन यामामोतो यांचा. कुमामोतोच्या होताकुबो वसाहतीत, १९९१ साली, त्यांनी ११० सरकारी घरे एका मोठ्या चौकाभोवती मांडली; चौकात उतरायचे तर घरांतूनच. चौक सर्वांचा, पण वाट आपापल्या दारातून! २०२४ मध्ये त्यांना वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. योकोहामातले २००९ चे ‘योकोहामा अपार्टमेंट’ आकाराने अगदी लहान: वर चार खोल्या, खाली पाच मीटर उंचीची अर्धी उघडी सामाईक जागा. ओसामू निशिदा आणि एरिका नाकागावा यांचे हे काम तरुण कलावंतांसाठी होते.

२०२० च्या जनगणनेनुसार जपानमधल्या सुमारे ३८ टक्के घरांत एकच माणूस राहतो. नागायातल्या माणसाला विहिरीवर जावेच लागे. या माणसाला शेजार हवा असेल तर तो निवडावा लागतो, आणि नको असेल तेव्हा दार लावण्याची मुभा मिळाली तरच तो निवडेल. यामामोतोंनी हे सरकारी पैशात करून दाखवले, म्हणून आमच्या लेखी होताकुबो मोरियामापेक्षा मोठे. निशिझावांच्या घरामागे एका हौशी मालकाची जमीन होती. त्या जागेपलीकडे पुन्हा घराला घर खेटलेले, आणि मध्ये तीच हातभर फट, एसीच्या डब्यांसाठी.