नोकरी सांभाळून धंदा करणाऱ्याची वाट अडवू नका




बिडकीन परिसरात सध्या तरुणांसाठी मार्गदर्शन मेळावे बरेच होतात. व्यासपीठावरून उपदेश ठरलेला असतो : नोकरीच्या मागे लागू नका, मालक व्हा. टाळ्याही पडतात. पण हातची नोकरी सोडणाऱ्या पोराच्या घरी पुढच्या महिन्याचा किराणा कसा भरायचा, हे कोणी सांगत नाही. मी स्वतः वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहे. माझे म्हणणे असे, की आपल्याकडच्या कामगाराने धंदा जरूर सुरू करावा, पण नोकरी न सोडता. आणि कंपन्यांनी त्यात आडकाठी करू नये.

आमच्या गल्लीत एक व्हीएमसी ऑपरेटर राहतो. फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसमधून उतरला, की चहा घेऊन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या लेथवर उभा राहतो. ट्रॉलीच्या पिना, बुशा, रोटाव्हेटरचा झिजलेला शाफ्ट वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करणे, अशी कामे. मोसंबीच्या फवारणीत ब्लोअर बंद पडला, तर पूर्वी शेतकऱ्याला थेट संभाजीनगर गाठावे लागे, दिवस मोडायचा. आता शेतकरी संध्याकाळी इथे येतो. या ऑपरेटरचा लेथ थ्री फेज जोडणी मिळेपर्यंत कित्येक महिने ताडपत्रीखाली झाकून होता. नोकरी सोडून, कर्ज काढून तो घेतला असता तर वीज येण्याआधीच विकावा लागला असता. पगार चालू होता म्हणून तो थांबू शकला. धंद्यात पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबता येणे, हेच खरे भांडवल आहे. एरवी याच गावात जमिनीच्या मावेजाच्या पैशावर एका दमात पोकलेन आणि हायवा घेतलेले, आणि कामे आटताच हप्त्यांखाली दबलेले लोकही आम्ही पाहिले आहेत.

हा मार्ग भित्र्यांचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पाहावे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. त्या काळात बेळगावला सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि भाऊ रामूअण्णा तिकडे विकत. बढती डावलली गेली तेव्हा कुठे त्यांनी नोकरी सोडली. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळे त्यानंतरचे. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. निरमा पावडर त्यांनी १९६९ मध्ये घरामागे बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. अमेरिकेतील राफी आणि फेंग या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की आधी नोकरी सांभाळून धंदा करून मग त्यात पूर्णवेळ उतरणाऱ्यांमध्ये धंदा बंद करण्याचे प्रमाण एकदम उडी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होते.

आणि नोकरी तरी कुठे कायमची? बिडकीनला लागूनच चितेगाव आहे. तिथल्या व्हिडिओकॉनच्या भरवशावर किती घरे उभी राहिली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यावर त्या घरांचे काय झाले, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ज्या घरात शिलाई मशीन, डबे, दुधाचा रतीब असे काही आधीपासून चालू असते, त्या घराला असा धक्का झेपतो.

कंपन्यांची हरकत मला ठाऊक आहे. थकलेला माणूस मशीनवर बोट गमावतो, हे खरेच आहे. नाईट शिफ्ट करून आलेल्याने लेथला हात लावूच नये, असे मीही म्हणेन. पण निकड पडली की त्याच माणसाला डबल ड्युटीला थांबवणाऱ्यांनी थकव्याचे कारण पुढे करू नये. दुसरी भीती ड्रॉइंग, टूल्स आणि गिऱ्हाईक पळवण्याची. ती रास्त आहे, आणि त्यावर बंदी घालायलाच हवी. मात्र मी पाहिलेल्या नेमणूकपत्रांत ‘कोणताही अन्य व्यवसाय करता येणार नाही’ असे सरसकट एकच वाक्य असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६० ने एका कारखान्यात काम केलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामाला लावण्यास मनाई केली होती. संध्याकाळी बायकोबरोबर मसाला कांडणाऱ्याला ते कलम लागू होत नव्हते. कायद्याने घातली नाही ती बंदी कंपनीने का घालावी? त्या एका वाक्यामुळे माणसे दुकानावर स्वतःचे नाव लावत नाहीत, उद्यम नोंदणी करत नाहीत, आणि मग बँक त्यांना दारात उभे करत नाही.

ऑरिक या औद्योगिक नगरीच्या बिडकीन क्षेत्राचे लोकार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. एथर आणि जेएसडब्ल्यू या कंपन्याही येत आहेत. हजारो नेमणूकपत्रे अजून छापायची आहेत. त्यांत ते सरसकट वाक्य न घालता नेमकी अट घालावी : कंपनीचा माल, आराखडे, गिऱ्हाईक आणि कामाची वेळ यांना धक्का लागता कामा नये, बाकी वेळ कामगाराचा. मासिआसारख्या लघुउद्योजकांच्या संघटनेने हे मनावर घ्यावे, कारण तिच्या कितीतरी सभासदांनी आधी दुसऱ्याच्या शॉपफ्लोअरवर घाम गाळलेला आहे. जिल्हा उद्योग केंद्रानेही महिन्यातून एक रविवार बिडकीनच्या ग्रामपंचायतीत बसावे. मुद्रा कर्जाचा किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज भरायला खाडा करून शहरात जाणारा कामगार आज त्या दिवसाची मजुरी गमावतो.

आपला,
एक कामगार वाचक
बिडकीन, ता. पैठण