नंबर बरोबर, बूट चुकीचा!

एक छोटा प्रयोग करा. कोऱ्या कागदावर पाय ठेवून उभे राहा आणि पेनाने पायाभोवती रेघ ओढा. आता तुमचा रोजचा बूट त्या आकृतीवर ठेवून बघा. बोटांजवळ रेघ बुटाच्या बाहेर डोकावतेय? मग रोज सकाळी तुम्ही बूट घालत नाही, पाय कोंबता!

आपल्या महागाव तालुक्यात हा विषय फॅशनचा नाही, भवितव्याचा आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी बघा. पोलिस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, त्याचे 20 गुण असतात. एकेका गुणासाठी वर्षभर घाम गाळायचा आणि पायात काय? तर बाजारातला 'फर्स्ट कॉपी' बूट. रंग भारी, लोगो मोठा, पण तळवा दाबून बघितला की पुठ्ठा! धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. बुटाने तो थोडाही झेलला नाही, तर तो जातो टाचेत, नडगीत, गुडघ्यात. मग ऐन ग्राउंडच्या आधी सुरू होतं, "भाऊ, सकाळी उठल्यावर टाचच टेकवत नाही."

आपण म्हणतो, "सराव जास्त झाला." कधी कधी तसं असतंही. पण बुटाकडे कुणी बघतच नाही.

यात सगळी चूक आपली नाही, हेही लक्षात घ्या. आपण दुकानात जो सात-आठ नंबर सांगतो, तो ब्रिटिश मापाचा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष काय? भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात. त्यावरून 'भ' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. लांबीला बरोबर बसणारा बूट रुंदीला का आवळतो, याचं उत्तर इथे आहे. मग आपण एक नंबर मोठा घेतो आणि लेस करकचून बांधतो. पाय आत सरकत राहतो. फोड येतात, नख काळं पडतं, कुरूप होतं.

कॉलेजचंही तसंच. टोकदार बेली आणि उंच टाचांमुळे सगळा भार पुढच्या पंजावर येतो. अंगठा आत वळत गेला की त्याच्या बुडाचं हाड बाहेर येतं. पावसाळ्यात दिवसभर बंद प्लास्टिकचे बूट घातले की बोटांमध्ये चिखल्या ठरलेल्याच.

आता कुणी म्हणेल, "कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावायची ना?" हो, धावायची. पण अनवाणी पायाला पसरायला जागा असते, अरुंद बुटात तीही नसते. आणि काटे, काच, विंचू-साप असलेल्या रस्त्यांवर अनवाणी पळा, असा सल्ला मी तरी देणार नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. तो खरा आहे. कापसाच्या भावावर ज्या घराचं बजेट ठरतं, तिथे पाच हजारांचा बूट मागता येत नाही. पण माप घ्यायला पैसे लागत नाहीत. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पायांत मोजे घालून उभं राहून बघा, जो पाय मोठा त्याचं माप धरा. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. दुकानदार म्हणेल, "दोन दिवस घाला, सैल होतो." चामडं थोडं सैलावतं, रेक्झिन नाही. पटलं नाही तर सरळ उठा. आणि त्याच पैशात लोगोवाला बूट की जाड, लवचिक तळव्याचा बिननावाचा? दुसरा घ्या, मित्र हसले तरी.

घरीही बघा. वडिलांना शुगर असेल तर पायाची जाणीव कमी होऊ शकते. चप्पल चावलेली त्यांना कळतही नाही आणि जखम चिघळते. त्यांचे तळवे अधूनमधून तुम्हीच तपासा.

शेवटी सरकारला एक प्रश्न. 2023 मध्ये शाळकरी मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे द्यायचं ठरलं, दर विद्यार्थ्यामागे 170 रुपये. हेतू चांगलाच आहे. पण 170 रुपयांत कोणता बूट येतो? वाढत्या वयातल्या पायाला तो वर्षभर पुरतो? निदान प्रत्येक शाळेत वाटपाआधी मुलांच्या पायाचं माप तरी घ्या. त्यासाठी एक कागद आणि एक पेन पुरे.

आपल्या पिढीला मोबाईलचा प्रोसेसर, रॅम, कॅमेरा सगळं तोंडपाठ असतं. स्वतःच्या पायाची रुंदी किती जणांना माहीत आहे?